दार उघडणाऱ्या बाहुल्या

(शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मुलांसाठी दूरचित्रवाणीवर बाहुल्यांचे आणि सोंगांचे कार्यक्रम दाखवले जातात. ते पाहताना मौज वाटते. पण या मौजेमागे बराच विचार आणि खूप मेहनत असते. असे कार्यक्रम कसे तयार होतात, त्यांतून लहान मुले काय शिकतात आणि कशामुळे शिकतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

अलीबाबा आणि चाळीस चोर यांची गोष्ट तुम्हां सर्वांना माहीत आहे. डोंगरात एक गुहा होती. तिच्या तोंडाशी दगडी दार होते. ‘खुल जा सिम सिम’ असे म्हटले, की ते दार आपोआप उघडत असे. ‘सिमसिम’ हा अरबी शब्द आहे. त्याचा अर्थ तीळ. अलीबाबाचा भाऊ कासिम त्या गुहेत शिरला. आतली संपत्ती पाहून तो इतका हरखून गेला, की बाहेर पडताना नेमका तोच शब्द विसरला. तो जवाचे नाव घेऊ लागला, मग इतर धान्यांची नावे घेऊ लागला. दार काही हलले नाही. कासिमजवळ सोने होते, चांदी होती. पण योग्य शब्द नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातही एका गुहेच्या दाराची गोष्ट सांगितली जाते. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा नावाचा तालुका आहे. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेला लागून तो आहे. या तालुक्यात दरेकसा हे लहानसे रेल्वे स्थानक आहे. मुंबईहून हावड्याला जाणारा लोहमार्ग इथूनच पुढे डोंगरगडकडे जातो. दरेकशाजवळच्या जंगलात कचारगडचा डोंगर आहे आणि त्या डोंगरात मोठ्या नैसर्गिक गुहा आहेत. कचारगड हे गोंड समाजाचे पवित्र स्थान आहे. दर वर्षी माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा अनेक राज्यांतून गोंड बांधव त्या यात्रेला येतात.

कचारगडची कथा निरनिराळ्या भागांत थोड्याफार फरकाने सांगतात. तिचा सारांश असा: फार पूर्वी काही मुले या गुहेत कोंडली गेली होती. गुहेच्या तोंडावर एक प्रचंड शिळा होती. मुलांना बाहेर पडता येत नव्हते. जंगो रायताड या मातेला त्यांचा कळवळा आला. पारी कुपार लिंगो हे गोंडांचे आद्य गुरू. त्यांनी मुलांना सोडवण्याचे ठरवले. हिरासुका नावाचा एक गुणी वादक त्यांच्या मदतीला आला. तो किंगरी हे तंतुवाद्य वाजवत असे. गुहेबाहेर त्याने किंगरी वाजवायला सुरुवात केली. ते सूर आत पोचले. मुलांच्या अंगात बळ आले. सर्वांनी मिळून आतून जोर लावला आणि शिळा ढकलली. शिळा गडगडत खाली आली. दुर्दैवाने हिरासुका तिच्याखाली सापडला आणि त्याचा अंत झाला. मुले मात्र मोकळी झाली. पुढे ती लिंगोंची शिष्य झाली आणि लिंगोंनी त्यांना ज्ञान दिले.

या दोन कथांत दोन गुहा आहेत. पहिल्या गुहेचे दार योग्य शब्दाने उघडले. दुसऱ्या गुहेचे दार मुलांनी स्वतः उघडले. संगीताने त्यांना फक्त हुरूप दिला. लहान मुलांना शिकवणे हेही असेच दार उघडण्याचे काम आहे. त्यासाठी मुलाला समजणारे शब्द हवेत, आणि दार ढकलण्याचे काम मुलानेच करायला हवे. या दोन गोष्टी लक्षात ठेवून आपण दूरचित्रवाणीच्या पडद्याकडे वळू या. कारण जगातल्या एका प्रसिद्ध बालकार्यक्रमाने आपले नावच या ‘सिम सिम’वरून घेतले आहे.

त्या कार्यक्रमाचे नाव ‘सेसमी स्ट्रीट’. इंग्रजीत तिळाला सेसमी म्हणतात. हा कार्यक्रम अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाला. त्याच्या मुळाशी एक साधे निरीक्षण होते. लॉइड मॉरिसेट नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांची तीन वर्षांची मुलगी सकाळी लवकर उठून दूरचित्रवाणी संचासमोर जाऊन बसत असे. त्या वेळी कार्यक्रम सुरूही झालेले नसत. पडद्यावर फक्त रेघांचे एक स्थिर चित्र दिसे. ती तेच चित्र पाहत बसे. मुलांना जाहिरातींतली गाणीही तोंडपाठ होतात, हेही मोठ्या माणसांच्या लक्षात आले होते. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये एका मेजवानीच्या वेळी मॉरिसेट यांनी ही गोष्ट जोन गँझ कूनी यांना सांगितली. कूनी दूरचित्रवाणीवर कार्यक्रम तयार करत असत. जाहिरातीचे गाणे जर मुलाला पाठ होते, तर त्याच रीतीने अक्षरे आणि आकडे का शिकवता येणार नाहीत, असा विचार त्यातून पुढे आला.

या विचारामागे एक गंभीर कारणही होते. अमेरिकेतील गरीब घरांतली मुले शाळेत दाखल होतानाच इतर मुलांच्या मागे असत. श्रीमंत घरांतली मुले बालवाडीत जात. त्यांच्या घरी चित्रांची पुस्तके असत. गरीब घरांत पुस्तके नसत. पण दूरचित्रवाणी संच मात्र बहुतेक घरांत पोचला होता. म्हणून जिथे शाळा पोचली नाही, तिथे पडद्याने पोचावे असे ठरले.

आता प्रश्न असा, की तीन-चार वर्षांच्या मुलाला शिकवायचे कोणी? खुर्चीवर बसून बोलणाऱ्या माणसाकडे असे मूल फार वेळ पाहत नाही. पण बाहुलीकडे ते एकटक पाहते. याचे कारण तुम्हांला विदर्भातल्या एका सणात दिसेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे तान्हा पोळा साजरा होतो. लहान मुले लाकडी बैल सजवतात, त्याला दोरी बांधून घरोघर नेतात. तो बैल लाकडाचा आहे हे मुलाला पक्के ठाऊक असते. तरीही ते त्याच्याशी बोलते, त्याला चारा घालते. खरे काय आणि खोटे काय हे कळत असूनही मूल खेळापुरते खोट्याला खरे मानते. बाहुलीचा सारा खेळ मुलाच्या या शक्तीवर चालतो.

बाहुलीचा आणखी एक मोठा गुण आहे. ती मुलापेक्षा लहान आणि थोडी भोळी असते. ती चुकते, घाबरते, रडते, भांडते. शिक्षकांसमोर चुकण्याची मुलाला भीती वाटते. पण बाहुली चुकली, की मूल टाळ्या पिटून ओरडते, ‘तसे नाही! असे!’ त्या क्षणी मूलच शिक्षक होते. ज्याला शिकवायचे आहे तोच शिकवू लागला, की धडा त्याच्या मनात पक्का बसतो. कचारगडच्या कथेतली मुले आतून शिळा ढकलतात, तसेच हे आहे.

‘सेसमी स्ट्रीट’च्या बाहुल्या जिम हेन्सन यांनी तयार केल्या. पण सुरुवातीला एक घोटाळा होणार होता. बाहुल्या आणि माणसे एकत्र दाखवली, तर मुलांच्या मनात खऱ्याखोट्याचा गोंधळ होईल, असे काही तज्ज्ञांचे मत होते. म्हणून रस्त्यावरच्या प्रसंगांत फक्त माणसे ठेवली आणि बाहुल्यांचे प्रसंग वेगळे ठेवले. जुलै १९६९ मध्ये फिलाडेल्फिया शहरात काही नमुना भाग मुलांना दाखवून पाहण्यात आले. बाहुल्या आल्या, की मुले पडद्याकडे पाहत. रस्त्यावर नुसती माणसे बोलू लागली, की मुलांचे लक्ष उडे. तज्ज्ञांनी आपले मत बाजूला ठेवले आणि मुलांचे ऐकले. हेन्सन यांनी त्या रस्त्यावर राहणारी दोन नवी पात्रे तयार केली. एक होता बिग बर्ड नावाचा भला मोठा पिवळा पक्षी. दुसरा होता कचऱ्याच्या डब्यात राहणारा, सदा कुरकुर करणारा ऑस्कर. ही दोन्ही पात्रे पुढे जगभर गाजली.

मुलांचे लक्ष कसे मोजत असत, तेही गमतीचे आहे. एका मुलाला दूरचित्रवाणी संचासमोर बसवत. शेजारी दुसऱ्या लहान पडद्यावर रंगीत चित्रे दाखवत. ती चित्रे दर काही सेकंदांनी बदलत. मूल कार्यक्रमाकडे किती वेळ पाहते आणि शेजारच्या चित्रांकडे केव्हा वळते, याची नोंद ठेवत. ज्या भागात बहुतेक मुलांची मान वळे, तो भाग सुधारत किंवा काढून टाकत. अशा रीतीने कार्यक्रमाची परीक्षा मुलेच घेत होती.

बिग बर्डसारख्या पात्राला सोंग म्हणता येईल. त्याच्या आत माणूस असतो. बिग बर्डची उंची आठ फूट दोन इंच. कॅरोल स्पिनी या कलावंताने १९६९ पासून २०१८ पर्यंत हे काम केले. ते पोशाखात शिरून उजवा हात सरळ वर उंचावत. तो हात पक्ष्याच्या मानेतून डोक्यापर्यंत जाई. बोटांनी ते चोच उघडत आणि मिटत. करंगळीने पापण्या हलवत. डाव्या हाताने डावा पंख हलवत. पोशाखातून बाहेरचे काहीच दिसत नसे. म्हणून त्यांच्या छातीवर एक छोटा दूरचित्रवाणी संच बांधलेला असे. कॅमेऱ्याला पक्षी कसा दिसतो, हे त्या संचावर पाहून ते चालत आणि नाचत. हात वर धरून, पिसांच्या उबाऱ्यात उभे राहून हसऱ्या आवाजात बोलणे किती कष्टाचे असेल, याची तुम्हीच कल्पना करा.

इतर बाहुल्या हातात घालायच्या असतात. कलावंत खाली बसतो किंवा उभा राहतो आणि बाहुली डोक्याच्या वर धरतो. त्याचा एक हात बाहुलीच्या तोंडात असतो. शब्द उच्चारताना बाहुलीचे तोंड बरोबर त्याच क्षणी उघडावे लागते. शिवाय बाहुलीची नजरही सांभाळावी लागते. ती समोरच्याकडे पाहते आहे असे वाटले, तरच ती जिवंत वाटते.

बोलणारी बाहुली आणि नाचणारे सोंग या गोष्टी महाराष्ट्राला नव्या नाहीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा जपली आहे. दोऱ्या ओढून नाचवायच्या बाहुल्यांना कळसूत्री बाहुल्या म्हणतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री हा किताब जाहीर झाला. कोकणातल्या दशावतारात संकासुराचे काळे सोंग येते, तेव्हा लहान मुले घाबरतातही आणि खदखदून हसतातही. जव्हार-मोखाडा भागातल्या आदिवासींच्या बोहाड्यात देवांचे आणि प्राण्यांचे मुखवटे घालून नाचतात. मुंबईचे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी वडील यशवंत पाध्ये यांच्याकडून बोलक्या बाहुल्यांची कला घेतली. त्यांचा अर्धवटराव घराघरांत पोचला. १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ या चित्रपटातला तात्या विंचू हा बाहुलाही त्यांनीच घडवला. तो मात्र मुलांना घाबरवण्यासाठीच प्रसिद्ध झाला!

शिक्षणासाठी दूरचित्रवाणी वापरण्याचा मोठा प्रयोगही आपल्या देशात फार पूर्वी झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवण्यात आले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या प्रयोगाला ‘साइट’ असे म्हणत. त्यांत सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता. अनेक खेड्यांत लोकांनी दूरचित्रवाणी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

त्यानंतर तीस वर्षांनी, १५ ऑगस्ट २००६ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’चा भारतीय अवतार सुरू झाला. त्याचे नाव ‘गली गली सिम सिम’. नावातच अलीबाबाचा मंत्र होता. हा कार्यक्रम हिंदीत होता. त्यात अमेरिकेतली पात्रे तशीच्या तशी उचलून आणली नव्हती. इथल्या मुलांना आपली वाटतील अशी पात्रे नव्याने घडवली होती. चमकी ही पाच वर्षांची मुलगी शाळेच्या गणवेशात येई. तिला सतत प्रश्न पडत आणि उत्तर शोधल्याशिवाय ती स्वस्थ बसत नसे. कार्यक्रमाची नायिका मुलगी आहे आणि ती शाळेत जाते, ही गोष्ट मुद्दाम योजलेली होती. ज्या घरात मुलीच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, त्या घरातही चमकी पडद्यावरून रोज गणवेश घालून येत होती. आंचू नावाची बाहुली शिंकली, की भलत्याच ठिकाणी जाऊन पोचे. गूगली हा विचारात बुडालेला असे. आणि बूम्बा हा भला मोठा सिंह होता. तो सोंगाच्या प्रकारातला, म्हणजे आत माणूस असलेला. सिंह असूनही तो शाकाहारी होता आणि त्याला नाचायला फार आवडे. एवढा मोठा सिंह जर गाजर आवडीने खातो, तर आपण भाजी का खाऊ नये, असे मुलाला वाटावे ही त्यातली युक्ती.

अशा कार्यक्रमांत शिकवण्याच्या काही ठरावीक रीती असतात. पहिली रीत पुनरावृत्तीची. मोठ्यांना तीच गोष्ट पुन्हा पाहण्याचा कंटाळा येतो. लहान मुलांना मात्र त्यात आनंद वाटतो. पुढे काय होणार हे माहीत असले, की त्यांना आपण हुशार झालो असे वाटते. १९९७ साली इंग्लंडमध्ये ‘टेलिटबीज’ हा सोंगांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात एक छोटी चित्रफीत दाखवली, की लगेच तीच पुन्हा दाखवत. दुसरी रीत थांबण्याची. पात्र प्रश्न विचारते आणि काही क्षण गप्प राहते. त्या शांततेत घरी बसलेले मूल उत्तर देते. तिसरी रीत गाण्याची. नुसते आकडे मूल विसरते. चालीवर म्हटलेले आकडे विसरत नाही. हिरासुकाची किंगरी इथे पुन्हा आठवावी.

या साऱ्याचा खरोखर उपयोग होतो का? अभ्यासकांनी ते तपासून पाहिले आहे. २०१३ साली १५ देशांतील अभ्यास एकत्र करण्यात आले. त्यांत दहा हजारांहून अधिक मुलांचा समावेश होता. ज्या मुलांनी ‘सेसमी स्ट्रीट’ किंवा त्याचे स्थानिक अवतार पाहिले होते, त्यांची अक्षरांची, आकड्यांची आणि आरोग्याची समज वाढलेली दिसली. दुसऱ्यांशी मिळून वागण्याच्या बाबतीतही फरक दिसला. २०१५ साली मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात काही भागांत हा कार्यक्रम स्पष्ट दिसे आणि काही भागांत दिसत नसे. जिथे तो दिसत होता, तिथली मुले पुढे शाळेत मागे पडण्याचे प्रमाण कमी होते.

मात्र याला मर्यादाही आहेत. अगदी तान्हे मूल पडद्यावरून फारसे शिकत नाही. ते शिकते आईच्या चेहऱ्यावरून, हाताला लागणाऱ्या वस्तूंवरून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की दोन वर्षांच्या आतील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एक तासापेक्षा जास्त वेळ पडदा पाहू नये. शिवाय शेजारी बसून कोणी मोठे माणूस बोलत असले, तर मूल जास्त शिकते. मुलाच्या हाती मोबाइल देऊन आपण कामाला लागणे, याला शिक्षण म्हणता येणार नाही.

आता दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे योग्य शब्दाकडे येऊ. कासिमजवळ शब्द होते. पण दाराला हवा तो शब्द नव्हता. तीन वर्षांच्या मुलाला हवा असलेला शब्द म्हणजे त्याच्या घरातला शब्द. हे ओळखून अनेक देशांनी ‘सिम सिम’ला आपापल्या भाषेत बोलायला लावले. इजिप्तमध्ये २००० साली ‘आलम सिमसिम’ अरबीत सुरू झाला. बांगलादेशात २००५ साली ‘सिसिमपूर’ बंगालीत सुरू झाला. पाकिस्तानात २०११ साली ‘सिम सिम हमारा’ आला; त्यातली रानी ही बाहुली उर्दूत बोलत असे. अफगाणिस्तानात ‘बाग़च-ए-सिमसिम’ दरी आणि पश्तो या दोन भाषांत आला. २०१६ साली त्यात जरी नावाची सहा वर्षांची मुलगी आली. ती मुलग्यांसारखीच शाळेत जात होती.

सर्वांत बोलके उदाहरण रोहिंग्या मुलांचे आहे. म्यानमारमधून जीव वाचवून आलेली हजारो रोहिंग्या कुटुंबे बांगलादेशातील छावण्यांत राहतात. त्यांच्या भाषेत लहान मुलांसाठी पुस्तके फारशी नाहीत. २०२० साली त्यांच्यासाठी नूर आणि अझीझ ही दोन नवी पात्रे जाहीर झाली. ही सहा वर्षांची जुळी भावंडे रोहिंग्या भाषेत बोलतात. छावणीतल्या मुलाने पडद्यावर आपल्यासारखा मुलगा पाहिला आणि त्याच्या तोंडून आपल्या आईची भाषा ऐकली. आपली भाषाही पडद्यावर बोलली जाऊ शकते, हे त्याला तेव्हा कळले असेल. ही गोष्ट अक्षरओळखीइतकीच मोलाची आहे.

हा प्रश्न कचारगडच्या परिसरालाही लागू आहे. सालेकसा तालुका सीमेवर असल्यामुळे तिथे मराठी, हिंदी, छत्तीसगडी आणि गोंडी अशा अनेक भाषा कानांवर पडतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख लोक भारतात होते. घरी गोंडी बोलणारे मूल अंगणवाडीत जाते, तेव्हा गाणी, रंग, प्राणी, आकडे सारे काही त्याला दुसऱ्या भाषेत ऐकू येते. त्याला झाड माहीत असते, पक्षी माहीत असतो; पण बाईंनी उच्चारलेला शब्द माहीत नसतो. मग ते गप्प बसते. गप्प बसलेल्या मुलाला लोक मंद समजतात. खरे पाहता मुलात उणीव नसते. दाराशी उच्चारलेला शब्द वेगळा असतो.

म्हणजे त्या मुलाला मराठी शिकवूच नये काय? तसे नाही. मराठी ही राज्याची भाषा आहे आणि तिचा त्याला उपयोग होणार आहे. पण पहिले दार त्याच्या घरच्या शब्दाने उघडावे आणि मग हळूहळू दुसऱ्या भाषेत पाऊल टाकावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सुरुवातीच्या इयत्तांत शक्य तिथे मुलाच्या घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. तुम्हांला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तुम्ही उर्दूतून विज्ञान, गणित, इतिहास शिकता आणि त्याच वेळी हा मराठीचा पाठही वाचता. तुमचे पहिले दार उर्दूने उघडले. म्हणूनच आज तुम्ही मराठीचे दारही उघडू शकता.

गोंडीत बोलणारी बाहुली तयार करायला मोठा स्टुडिओ लागत नाही. एक जुना पायमोजा घ्या. तो हातात घाला. अंगठा खाली आणि चार बोटे वर ठेवली, की बाहुलीचे तोंड तयार होते. दोन गुंड्या शिवल्या, की डोळे झाले. लोकर लावली, की केस झाले. एक चादर आडवी बांधली, की रंगमंच झाला. दोन बाहुल्या करा. एक मुलाच्या घरची भाषा बोलेल, दुसरी मराठी बोलेल. पहिलीने पाण्याला आपल्या भाषेतला शब्द सांगावा. दुसरीने ‘पाणी’ म्हणावे. मग दोघींनी मुद्दाम चुकावे. समोर बसलेली मुले त्यांना दुरुस्त करतील. अंगणवाडीतल्या बाई, गावातली आजी, शाळेतली मोठी मुलगी, कोणालाही हे करता येईल. गोंडी येत असलेली आजी तर या कामात सर्वांत पुढे असेल.

तुमच्या मोहल्ल्यातही बालवाडी असेल. तिथेही असा खेळ करून पाहा. एका बाहुलीला उर्दू बोलू द्या, दुसरीला मराठी. खेळ करताना फक्त एक पथ्य पाळा. बाहुलीने प्रश्न विचारला, की घाईने उत्तर सांगू नका. थोडे थांबा. एखादे लाजरे मूल ओठ हलवेल, शेजारच्याकडे पाहील आणि मग मोठ्याने उत्तर देईल. त्याने दार स्वतः ढकलले, असे समजा.

स्वाध्याय

१. अलीबाबाची गुहा आणि कचारगडची गुहा यांची दारे कशी उघडली, ते थोडक्यात सांगा.
२. फिलाडेल्फिया येथील चाचणीनंतर ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये कोणता बदल करण्यात आला? का?
३. लहान मुलाला बाहुलीकडून शिकणे सोपे का वाटते?
४. ‘मुलात उणीव नसते, दाराशी उच्चारलेला शब्द वेगळा असतो.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. उपक्रम: पायमोज्याच्या दोन बाहुल्या तयार करा. एक उर्दूत आणि दुसरी मराठीत बोलेल असे दहा वाक्यांचे संवाद लिहा आणि वर्गात सादर करा.